शी होते का?

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी खोटं बोलले नव्हते. साडेतीन वर्षांत जेवढ्या डॉक्टरांनी "शी होते का?" असं विचारलं, तेवढ्यांना मी "होते" म्हणून सांगितलं, आणि ती होत होती. दर तिसऱ्या दिवशी, न चुकता, माझ्या डोळ्यांदेखत. कशी होते, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि हल्ली त्यानं मला जेवण जात नाही.

मी त्या पोराची आत्या. हॉटेलच्या लाँड्रीत सतरा वर्षं काढली. चादरी, अभ्रे, टॉवेल आणि हाताखाली नऊ माणसं. माझा भाऊ म्हणतो, ताई घरी आली तरी मुकादमी उतरवून ठेवत नाही. म्हणू दे. तो मालट्रक चालवतो, पाच दिवस रस्त्यावर आणि दोन दिवस घरी, म्हणजे घर कोणीतरी चालवायला हवंच होतं. मी लग्न केलं नाही, त्यांच्याच घरात राहिले. भावजय स्वभावानं गरीब. मी म्हणेन ते "बरं ताई" म्हणून ऐकायची, आणि मला वाटायचं, आमचं दोघींचं किती जमतं.

पोर जन्मलं तेव्हा भाऊ लांबच्या फेरीवर होता. भावजयीला टाके पडले होते, ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाळाचं सगळं माझ्याकडे आलं. वॉर्डात सहा खाटा आणि सहा बाळं. पाच जणांनी पहिल्याच दिवशी ती काळी, चिकट शी करून दुपट्यांचे तीन तेरा वाजवले. आमचे साहेब मात्र कोरडे. दूध ओढायचे, अर्धं बाहेर टाकायचे, आणि पोट हे असं तट्ट. सकाळ-संध्याकाळ नर्स फळीला कागद लावून यायची. ताप, दूध, शू, शी. "शी झाली का?" मी म्हणायचे, "अजून नाही." ती म्हणायची, "झाल्याशिवाय घरी सोडणार नाहीत हं." जसं काही मीच अडवून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय भिंतीकडे बघतच म्हणाली, "ताई, घरी कधी जायचं?" आवाज रडकुंडीला आलेला. मलाही त्या खोलीचा वीट आला होता. तेव्हा मला आमच्या आईची साबणाची काडी आठवली. आमच्या लहानपणी घरोघरी करायचे. साबणाच्या वडीची करंगळीपेक्षा बारीक काडी कापायची, कोमट पाण्यात फिरवून गुळगुळीत करायची, बाळाचे पाय वर धरायचे आणि... पुढचं सांगायला नको. बेसिनवर वडी होती. माझ्या पर्समध्ये धागे कापायचं पातं होतं. भावजयीचे डोळे मिटलेले होते. मी खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

काय सांगू, बाटलीचं बूच उडावं तशी झाली. माझ्या कोपरापर्यंत उडाली. पोट मऊ पडलं आणि बाळ गाढ झोपलं. संध्याकाळी नर्सनं विचारलं, "शी झाली का?" मी म्हटलं, "झाली." तिनं खूण केली, कार्डावर लिहिलं, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही घरी. मीच बाळंत झाल्यासारखी माझी छाती फुगली होती.

घरी आल्यावर तीन दिवस वाट बघितली. काही नाही. पोट पुन्हा तट्ट, दूध नको, नुसती किरकिर. मी काडी कापली. झाली. मग तो शिरस्ताच पडला. कामावरून आले की हात धुवायचे, त्याला मांडीवर घ्यायचे, पोट चोळायचे, काहीतरी वेडंवाकडं गाणं म्हणायचे आणि काडी. भावजय तेवढ्यात चहा टाकायला आत जायची. भाऊ घरी असला की मी ते दार लावून उरकायचे, पुरुषांना कशाला सांगायचं. "तुमच्या हाताला गुण आहे ताई," म्हणायची. शेजारीपाजारीही तसंच म्हणायला लागले. वरच्या मजल्यावरची बाई एकदा तिचं पोर घेऊन आली, त्याचीही मी करून दिली. त्या पोराला नंतर कधी काडी लागली नाही. आमच्याला लागतच राहिली. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आपण बोलतो कसं, ते बघा. तान्ह्या बाळाला शी होते. पोर जरा मोठं झालं की ते शी करतं. घरात हा बदल कधी होतो त्याची कोणी नोंद ठेवत नाही, जीभ आपोआप वळते. आमच्या घरात ती वळलीच नाही. पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, खोड्या करायला लागलं, आणि आम्ही अजून विचारत होतो, "आज त्याला शी झाली का?" कोणाच्या कानाला खटकलं नाही.

उलट आम्ही त्याची गंमत करायचो. हातपाय काटकुळे आणि पोट हे एवढं, म्हणून त्याचं नाव पडलं शेठ. तो शर्ट वर करून, हात मागे बांधून घरभर फिरायचा. मी विचारायचे, "काय शेठ, दुकान कसं चाललंय?" तो पोटावर थाप मारून म्हणायचा, "जोलात!" सगळं घर हसायचं. भाऊ तर फोनवरून रोज विचारायचा, शेठचं दुकान उघडलं का म्हणून.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे वजनाचा कागद होता. त्यावर इतर मुलांची रेघ वर चढते, आमची आडवी पसरली. डॉक्टर भला माणूस, पण घाईतला. "शी होते का?" "होते." "किती दिवसांनी?" "दोन-तीन." "म्हणजे बद्धकोष्ठ. पाणी द्या, फळं द्या, बिस्किटं बंद. आई, तुम्ही फार लाड करता त्याचे." भावजय मान खाली घालायची. मी शेजारी बसून मान डोलवायचे. दर खेपेला एक नवं गोड औषध मिळायचं, आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी काडी कापायचे. औषधाचा गुण आला असं डॉक्टरांना वाटायचं. मला वाटायचं, बिचाऱ्याला काय सांगायचं, वाटू दे.

मग लाँड्रीत माझा हात भाजला. चादरींच्या मोठ्या इस्त्रीची वाफ सुटली आणि उजव्या हाताची बोटं सोलून निघाली. मनगटापर्यंत पट्टी, दोन आठवडे पाणी लावायचं नाही. तिसरा दिवस आला तेव्हा मी भावजयीला म्हटलं, "आज तू कर." तिनं काडी हातात घेतली, त्याला आडवं केलं आणि तशीच बसून राहिली. तो ओरडायला लागला तशी तिनं काडी खाली ठेवली. "मला नाही जमत ताई." मी म्हटलं, "अगं, आई ना तू त्याची?" फार जोरात म्हटलं. ती आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

सहावा दिवस गेला, आठवा गेला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दुप्पट औषध दिलं. नवव्या दिवशी सकाळी शेठला जुलाब सुरू झाले. स्वतःहून! पातळ, हिरवट, आणि असा वास की खिडक्या उघडाव्या लागल्या. आम्ही काय केलं असेल? आम्ही हसलो. भावजयीनं भावाला फोन लावला, "अहो, मोकळं झालं पोट!" मी म्हटलं, साठलेलं निघतंय, निघू दे एकदाचं. दिवसभरात नऊ वेळा झाली. दुपारनंतर तो रडायचा थांबला, तेही मला चांगलंच लक्षण वाटलं. नऊ माणसांना कामाला लावणारी बाई मी, मला वाटलं पोराला आराम पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला विचारलं, "शेठ, दुकान कसं चाललंय?" त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं आणि पुन्हा मिटले. अंग तापानं फणफणलेलं. पोट कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं होतं, वर निळ्या शिरा उमटल्या होत्या. भावजयीनं त्याला उचललं आणि आम्ही टॅक्सी करून मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

तिथे पहिल्यांदा भेटली ती चष्मेवाली शिकाऊ डॉक्टर. झोप न झालेली, पण गोड बोलणारी. तिनं सलाइन लावलं आणि प्रश्नांचा कागद पुढे घेतला. जुलाब कधीपासून, उलटी किती, बाहेरचं काही खाल्लं का. मग, "एरवी शी होते का?" भावजय म्हणाली, "होते." "जन्मल्यावर पहिली शी कधी झाली?" भावजयीनं पिशवीतून ते जुनं कार्ड काढलं. "दुसऱ्या दिवशी. ह्यावर आहे." डॉक्टरनं कार्ड बघून मान हलवली आणि तेच कागदावर उतरवलं. पोटाचा संसर्ग, असं ठरलं. मी पट्टीचा हात मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. काडीचं सांगावंसं वाटलं, पण मी ते पोटातच ठेवलं.

दोन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं झाली. जुलाब थांबले आणि पोट आणखी फुगलं. श्वास घेताना त्याच्या नाकपुड्या हलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सर्जनबाई आल्या. ठेंगण्या, पिकलेल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पोटावर दोन बोटं ठेवून वाजवून बघितलं, हातमोजा चढवला आणि शेठला कुशीवर वळवायला सांगितलं. बोट आत गेलं आणि बाहेर आलं, आणि पाठोपाठ ते सगळं उसळून आलं. त्यांच्या ॲप्रनवर, चादरीवर, जमिनीवर. चष्मेवाली दोन पावलं मागे सरली. भावजयीनं तोंडाला पदर लावला आणि ती पाठ करून उभी राहिली. सर्जनबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. पोट खाली बसताना त्या नुसत्या बघत होत्या.

"एरवी घरी शी होते?" त्यांनी विचारलं.

"होते," मी सवयीनं म्हटलं.

त्यांनी हातमोजा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "होते, की कोणी करवतं?"

साडेतीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एका क्षणात मला काय काय वाटून गेलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. पहिल्यांदा वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, माझ्या हाताचा गुण गेला. शेठचा विचार त्या रांगेत तिसरा आला.

"करवते," मी म्हटलं. "मी. साबणाची काडी लावते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे नक्की कधी?"

"म्हणजे पहिलीच. दुसऱ्या दिवशी होत नव्हती म्हणून मीच... आणि नर्सला सांगितलं, झाली."

चष्मेवालीचं पेन थांबलं. सर्जनबाईंनी शांतपणे विचारलं, "त्यानं स्वतःहून एकदा तरी केली आहे? हे जुलाब सोडून?"

मी आठवून बघितलं. साडेतीन वर्षं आठवून बघितली. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर पेननं आतडं काढून दाखवलं. आतड्यातलं पुढे ढकलायला आतड्याच्या भिंतीत बारीक मज्जातंतू असतात, ते याच्या शेवटच्या भागात जन्मापासूनच नाहीत. पाचेक हजारांत एखाद्या बाळाला असं होतं. तो भाग आवळून बसतो, कधी सैल पडत नाही, आणि त्याच्या वरचं सगळं साठून फुगत जातं. कधीतरी साठलेल्यात जंतू माजतात, ते रक्तात उतरतात. जुलाब म्हणजे तेच होतं. आता आधी पोटावर आतड्याचं तोंड उघडायचं, म्हणजे शी तिथून पिशवीत येईल आणि वर साठलेल्याचा ताण जाईल. त्याच वेळी आतड्याचे तुकडे तपासायला पाठवायचे. पोर यातून उठलं तर सहा-आठ महिन्यांनी मोठं ऑपरेशन करून बिघडलेला भाग काढायचा. "उठलं तर" हे त्यांनी इतर शब्दांइतक्याच आवाजात म्हटलं.

मी विचारलं, "हे तेव्हाच कळलं असतं तर?"

"तर तान्हेपणीच ऑपरेशन झालं असतं." मग त्यांनी पेनला टोपण लावलं. "बाई, तुम्ही काडी लावली नसती तर कदाचित पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. आणि घरी नेल्यावर लावली नसती तर कदाचित हा पहिल्या महिन्यातच गेला असता. दोन्ही खरं आहे. आता मला तयारी करू द्या."

दोन्ही खरं आहे म्हणे. त्यांनी मला एकच काहीतरी सांगायचं होतं ना. तू मारलंस म्हणायचं, नाहीतर तू जगवलंस म्हणायचं. कशाचा तरी आधार धरता आला असता.

ऑपरेशन अडीच तास चाललं. भाऊ लांबच्या फेरीवर, चार दिवसांच्या अंतरावर होता, ट्रक सोडून मिळेल त्या गाडीनं निघाला होता. भावजयीनं एकटीनं सही केली. बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. मी मनाची तयारी करून बसले होते, की ती ओरडेल, बोल लावेल, केस ओढेल. तिनं माझ्यासाठी चहा आणून दिला. त्यापेक्षा केस ओढले असते तर सोसलं असतं.

त्याला बाहेर आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही. पोट गेलं होतं. पोट गेल्यावर काय उरलं? फासळ्या, गुडघे, कंगव्याच्या दात्यांसारखी बोटं. एवढासाच होता तो. आम्ही तीन वर्षं ज्याच्यावर हसत होतो ते पोट होतं, पोर कधी वाढलंच नव्हतं. डाव्या बाजूला आतड्याचं लाल, ओलं तोंड आणि त्यावर चिकटवलेली पारदर्शक पिशवी. ताप होताच. सर्जनबाई म्हणाल्या, रक्तातला संसर्ग औषधाला दाद देतो का ते चार दिवसांत कळेल, तोवर कोणाच्या हातात काही नाही.

तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला, चौथ्या दिवशी पुन्हा चढला. मधूनमधून तो जागा व्हायचा, पाणी मागायचा, पिशवीला हात लावायचा आणि घाबरून रडायचा. त्या चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातली मोठी नर्स ट्रे घेऊन आली. "आई, बघून घ्या. घरी गेल्यावर ही पिशवी तुम्हालाच बदलायची आहे. दिवसातून चार-पाच वेळा रिकामी करायची, तीन दिवसांनी पूर्ण बदलायची. कातडी सोलली तर संसर्ग, तो झाला तर पुढचं ऑपरेशन लांबणार. तेव्हा हयगय चालायची नाही." तिनं पिशवीची कड सोलायला सुरुवात केली. शेठ किंचाळला. भावजय पांढरीफटक पडली, हातातला कापूस टाकला आणि धावत बाहेर गेली.

"तुम्ही करता का?" नर्सनं मला विचारलं. माझी पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती. बोटं अजून गुलाबी होती पण वळत होती. मी हातमोजे घातले, सगळं केलं. कोमट पाण्यानं पुसलं, सुकवलं, माप घेऊन भोक कापलं, कड दाबून बसवली. शेठ माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मध्येच रडायचा थांबला. "हात चांगला आहे तुमचा," नर्स म्हणाली. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

भावजय जिन्याजवळ पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "अगं, होतं असं पहिल्यांदा. मी आहे ना, मी करेन त्याचं."

"तुम्हीच करत आलात," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मला माहीत होतं ताई. हॉस्पिटलात तुम्ही पडदा ओढलात, साबण कापलात. मी झोपले नव्हते. मी डोळे मिटून घेतले."

मी पायरीवर जरा तिच्याकडे सरकले.

"कार्ड काढून दाखवायचे ना मी सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. माहीत असून दाखवायचे. कारण सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, काडी बंद करा आणि आईनं लक्ष द्या. मला त्याची किळस येते ताई. शीची, त्या वासाची. पहिल्यापासून. स्वतःच्या पोराची किळस येते हे कोणाला सांगायचं? तुम्ही करायचात म्हणून मला करावं लागत नव्हतं. तुम्ही म्हणालात ना, आई ना तू त्याची. तेव्हापासून मी रोज मरतेय." तिनं माझा हात धरला, भाजलेलाच धरला. "ह्यांना सांगू नका. ते मला घरात ठेवणार नाहीत. पाया पडते तुमच्या."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? इतकी वर्षं मला वाटत होतं ती माझं ऐकते. ती लपत होती, आणि लपायला जागा मीच दिली होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, सगळा आधीच माझ्यावर खर्च झाला होता.

भाऊ दुपारी पोचला. चार दिवसांची दाढी, अंगावर तोच शर्ट. आधी दारावरच्या माणसाला विनवून दोन मिनिटं शेठजवळ गेला, त्याच्या पायाला हात लावून उभा राहिला. मग सर्जनबाईंना भेटून आला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी उठून उभी राहिले. आयुष्यात मी त्याच्यासाठी कधी उठून उभी राहिले नव्हते.

"ताई, खरं का हे? पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या," मी म्हटलं. मूर्खासारखं तेच तोंडातून गेलं.

"आणि मला फोनवर सांगायचीस, दुकान जोरात." मग बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

ती शेठचा एक धुतलेला शर्ट घेऊन बाकावर बसली होती. तो दोनदा घडी करून झाला होता, ती तिसऱ्यांदा करत होती. तिनं वर बघितलं नाही. मला दिसत होतं की आता मी बोलले नाही तर ती बोलेल. आणि मी खरं बोलले तर तिचं घर जाईल. आणि मी खोटं बोलून सगळं अंगावर घेतलं तर मला त्याच्याजवळ ठेवणार नाहीत, मग त्या पोराची पिशवी कोण बदलणार, हे मला दिसत होतं. तिला कड सोलतानाही बघवत नव्हतं. सहा महिने, दिवसातून चार-पाच वेळा. हे सगळं मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

"तिला काय माहीत असणार?" मी म्हटलं. "टाके पडलेली बाई, झोपली होती. नंतरही मीच तिला हात लावू देत नव्हते. काडीचं मी पहिल्यापासून तिला सांगितलंच नाही, औषधानं होते म्हणायचे."

तो चिडला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. तो रडायला लागला. रडत रडतच त्यानं हात पुढे केला. वॉर्डात एका मुलाजवळ दोघांनाच सोडतात, दोन पास असतात, एक भावजयीच्या गळ्यात आणि एक माझ्या.

"पास दे, ताई."

"अरे, पिशवीचं नर्सनं मला शिकवलंय. निदान ते—"

"ती करेल. आई आहे ती. तू आता त्याला हात लावायचा नाहीस."

मी भावजयीकडे बघितलं. तिनं शर्टाची घडी मांडीवर दाबून धरली होती. मी गळ्यातून दोरी काढली आणि पास त्याच्या हातात दिला. पास गळ्यात घालून भाऊ तिला म्हणाला, "चल," आणि दोघं आत गेली. दार आपोआप लागायला वेळ घेतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पिशवी भरली होती. नर्स म्हणाली, "या आई, आता तुम्ही करा बरं." मग ट्रे वाजला. मग शेठचा आवाज आला, बारीक, पण चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हट्टाचा.

"आई नको. आत्याला बोलवा. आत्या करेल."

"आत्या घरी गेली, राजा," भाऊ म्हणाला.

मी दाराबाहेरच उभी होते. मग मला जावंच लागलं.